बाईसाहेबांचे केस गळत नाहीत

माझ्या काकाला सगळा रस्ता ‘कुत्र्यांचा न्हावी’ म्हणतो. त्याला त्याचं काही नाही, राग मला येतो. पाटीवर चांगलं मोठ्या अक्षरांत ‘श्वान-निगा केंद्र’ लिहून घेतलंय, पण पाटी वाचायला वेळ कुणाला आहे. खाली दुकान, दुकानातूनच वर जाणारा जिना, आणि वर काका-काकूचं दोन खोल्यांचं घर. मी मागच्याच गल्लीत राहते. कात्री काकाची, टब, साबण आणि ड्रायर माझा. चावे मात्र दोघांनी वाटून घेतलेत.

सकाळी पहिला हजर होतो बेकरीवाल्याचा लॅब्रेडॉर. पाणी दिसलं की त्याला वेड लागतं. टबात स्वतः उडी मारतो आणि बाहेर काढायचं म्हटलं की चारी पाय ताठ. उरलेले पाव खाऊन खाऊन पिंप झालाय नुसता. काका दर वेळी सांगतो, “अहो, याचे गुडघे जातील,” आणि बेकरीवाला दर वेळी म्हणतो, “काय करू, मागतो हो तो.” मागेल नाहीतर काय, कुत्रा आहे तो. मग येतो पग. त्याच्या तोंडावरच्या घड्या ओल्या राहिल्या की वास मारतात, म्हणून कापसानं एकेक पुसावी लागते, आणि तोवर हा गृहस्थ उभ्या उभ्या घोरतो. कॉकर स्पॅनियलचे कान कायम बिघडलेले. ते कोरडे केल्याशिवाय त्याला घरी पाठवायचं नाही, हा काकाचा दंडक. वासराएवढा जर्मन शेफर्ड ड्रायरला घाबरतो आणि माझ्या काखेत डोकं खुपसतो. हस्की विंचरून झाला की जमिनीवर एवढे केस पडतात की अजून एक कुत्रा उभा राहील.

एवढी कुत्री रोज हाताखालून जातात, पण काकाच्या घरी कुत्रा नाही. काकूला दमा. केसाळ जनावर खोलीत आलं की तिची छाती वाजायला लागते. म्हणून काका दुकानातच अंघोळ करतो, दुकानाचे कपडे दुकानातच ठेवतो आणि मग वर जातो. लग्न झाल्यापासून हेच. तक्रारीचा एक शब्द मी त्याच्या तोंडून ऐकलेला नाही. पण मला डोळे आहेत. मालक कुत्र्याला न्यायला आला की काका उगाच म्हणतो, “जरा थांबा, एक पंजा राहिलाय.” पंजा कसला राहतोय, हातातून सोडवत नाही, दुसरं काय. एकदा दुकान झाडताना तो सहज बोलून गेला, “सगळी माझ्याकडून घरी जातात गं. एखादं माझ्या घरी यायला हवं होतं. दाराशी बसून वाट बघणारं.” मी झाडूच जोरात फिरवला.

आमच्याकडे गाण्याच्या एक बाई यायच्या. म्हाताऱ्या, एकट्या, घरी शिकवण्या घ्यायच्या. त्यांची पूडल म्हणजे जर्दाळूच्या रंगाची, कुरळ्या केसांची, आणि नाव ‘बाईसाहेब’. त्या तिला अहो-जाहो करायच्या, त्यामुळे आम्हालाही तीच सवय लागली. गाण्याच्या बाई मुलाकडे राहायला निघाल्या. तिथल्या इमारतीत कुत्रं चालत नव्हतं. बाईसाहेबांचा पट्टा काकाच्या हातात देत त्या म्हणाल्या, “तुम्हीच ठेवून घ्या. तुमच्या हाताची सवय आहे यांना.” काका म्हणाला, “विचार करून सांगतो,” आणि त्याचं जेवणच उडालं.

मग एके दुपारी त्यानं टेबलावर काळं कापड अंथरलं, बाईसाहेबांना त्यावर उभं केलं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत विंचरलं. मग ते कापड माझ्या नाकासमोर धरलं.

“एक केस दिसतोय का?”

“नाही.”

“पूडलचे केस गळतच नाहीत. वाढत राहतात, कापले तरच पडतात. आता काकूला त्रास कशाचा? केसांचा. आणि यांचे केस गळतात का?”

“एकदा डॉक्टरांना विचारूया ना.”

“केसांतलं डॉक्टरांना काय कळतंय? मी आयुष्यभर दुसरं केलंय काय?”

ज्याचा जन्म केसांत गेला, त्याला कुत्रं म्हणजे केसच दिसणार. तो ते कापड घेऊन वर गेला, मी मागोमाग, आणि त्यानं ते उजेडात धरून काकूला दाखवलं. काकूनं कापडाकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्याच्याच तोंडाकडे बघत होती. म्हणाली, “मग आणा की त्यांना वर. वाट कशाची बघताय?”

त्यानंतरचे दिवस फार मजेचे गेले. बाईसाहेब दाराची कडी पंजानं उघडायच्या, काकाचा एकच मोजा पळवायच्या, दुसऱ्याला तोंड लावायच्या नाहीत. जेवताना खुर्चीवर बसायच्या आणि कुणी उठवलं तर असं बघायच्या की उठवणाऱ्यालाच लाज वाटावी. शिकवणीच्या घरात वाढलेल्या, त्यामुळे काकू भाजी चिरताना गुणगुणायला लागली की यांनी मान वर करून सूर लावलाच. काकानं गायला सुरुवात केली की मात्र उठून दुसऱ्या खोलीत. काका म्हणायचा, “जाणकार आहेत,” आणि मुद्दाम अजून बेसूर गायचा. दुकान वेळेवर बंद व्हायला लागलं. काका शिट्टी वाजवत जिना चढायचा. उतारवयात माणूस असा शिट्टी वाजवताना बघितला की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

एका रविवारी दुपारी काका दुकानातूनच कात्र्यांना धार लावून आणायला गेला होता. मी वर गेले. बाईसाहेब न्हाणीघराच्या दाराशी बसलेल्या, आत नळ धो धो चालू. बराच वेळ झाला तरी बंद होईना. मी दार ढकललं. काकू बादली पालथी घालून तिच्यावर बसली होती, हातात दम्याचा पंप, ओठ निळसर.

“नळ कशाला सोडलाय?”

“पंपाचा आवाज बाहेर जातो,” ती म्हणाली. एवढं बोलायलाही तिला दोनदा थांबावं लागलं.

“कधीपासून चाललंय हे?”

“पहिल्या दिवसापासून. ओरडू नकोस. ह्यांना सांगू नकोस. किती खूश आहेत बघतेस ना? आणि मलाही हव्यात गं बाईसाहेब. दिवसभर या घरात माझ्या मागे मागे दुसरं कोण फिरलंय?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चांगली झाडणार होते तिला, पण तोंड उघडेपर्यंत तिची मान एका बाजूला कलली. मग रिक्षा, दवाखाना, तोंडाला लावलेली ती नळी. काका धावत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला दुकानाचे केस तसेच होते. परिचारिकेनं त्याला दारातच अडवलं. तो काचेतून बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेला, मी बरोबर होते. डॉक्टर भला माणूस, त्यांनी नीट समजावून सांगितलं. दोष केसांचा नसतोच. दम्याला बाधतं ते कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतं. केस गळोत न गळोत, ते घरभर होतंच, आणि प्रत्येक जातीच्या कुत्र्यात असतं. काका त्यांच्या टेबलाची कड धरून उभा राहिला. मग म्हणाला, “मी काळं कापड अंथरून बघितलं होतं हो.” डॉक्टरांना ते काय ते कळलं नाही. मला कळलं, आणि मी रस्त्यावर येऊन रडले.

छातीच्या डॉक्टरांनी काकूला घरी सोडताना सरळ सांगितलं की असा झटका पुन्हा आला तर आम्ही हात टेकले म्हणून समजा. काकूनं ऐकलं, मान डोलावली, आणि रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, “थोडी बरी झाले की त्यांना परत आणू. दुसऱ्या खोलीत ठेवू. मी जाणारच नाही त्या खोलीत.”

काका म्हणाला, “बघू.”

बाईसाहेब तोवर पुलापलीकडच्या औषधवाल्याकडे गेल्याही होत्या. घर चांगलं, पुढे अंगण, शाळेत जाणारी एक मुलगी, आणि घरात कुणाची छाती वाजत नाही. पण पूडलचे केस वाढत राहतात आणि ते कापायला या भागात काकाशिवाय माणूस नाही. त्यामुळे पुढच्या महिन्यात औषधवाला त्यांना घेऊन दुकानात आला, आणि संध्याकाळी नेतो म्हणून ठेवून गेला.

पट्टा सोडल्या सोडल्या बाईसाहेब जिन्याच्या दाराशी गेल्या. दार बंद होतं, नुसती कडी नाही, काकानं दुकानाच्या बाजूनं खीळही घातली होती. त्यांनी दाराखालच्या फटीला नाक लावलं आणि तिथेच बसल्या. मी बोलावलं, हलल्या नाहीत. काकानं बिस्किट दाखवलं, बघितलं नाही. शेवटी काका कात्री घेऊन जमिनीवर त्यांच्याजवळ बसला आणि तिथेच केस कापायला लागला. मधेच त्यांनी मान वर केली आणि काकूबरोबर लावायच्या तसा सूर लावला.

“ड्रायर लाव,” काका म्हणाला.

“अजून ओल्या कुठे आहेत त्या?”

“लाव म्हणतो ना.”

मी लावला. त्या आवाजात वर काही ऐकू गेलं नसणार. काकाला आयुष्यभर दाराशी बसून वाट बघणारं कुत्रं हवं होतं. ते आता त्याच्या पुढ्यात बसलं होतं, आणि वाट काकूची बघत होतं. तो कापत राहिला. त्याचा हात एवढा सावकाश चाललेला मी कधी बघितला नव्हता.

संध्याकाळी वर गेलो तर काकू वाटच बघत होती.

“आल्या होत्या ना आज?”

“हो,” काका म्हणाला.

“मला शोधत होत्या?”

“छे गं. पूडलचं असंच असतं. जिकडे लाड, तिकडे त्या. औषधवाल्याच्या मुलीची आठवण काढत होत्या दिवसभर. वजनही वाढलंय.”

काकूनं पदर सारखा केल्यासारखं केलं. “बरं झालं,” ती म्हणाली. “सुखात आहेत ना, झालं तर मग.” आणि भांडी पुसायला लागली, ती आधीच पुसलेली होती.

मी तोंड उघडलं तर काकानं डोळे वटारले. पण जिन्यात मी त्याला सोडलं नाही. “खोटं का सांगितलंस? एवढी खंगलीय ती, तिचं जरा समाधान तरी झालं असतं.”

“खरं सांगितलं तर ती खाली येईल,” तो म्हणाला. “त्या दाराशी बसल्यात हे कळलं की दार उघडायला लावेल. मी ओळखतो तिला. श्वास जात असला तरी लावेल.”

“मग तुझं काय?”

“माझं काय,” तो म्हणाला, आणि दुकानाचा दिवा बंद करायला गेला.

पुढच्या महिन्यात बाईसाहेब पुन्हा आल्या, पुन्हा दाराशी बसल्या, मी पुन्हा ड्रायर लावला. संध्याकाळी काकूनं काही विचारलंच नाही. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. काकाला राहवलं नाही. “मजेत आहेत त्या,” तो म्हणाला.

“मी कुठे विचारलं?” काकू म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.