अंजनेरीच्या वाटेवरची भाची

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून उठलो, सातपूरच्या कारखान्यात पुन्हा कामावर रुजूही झालो. पण भीती काही मला सोडेना. डॉक्टर म्हणत, "आता खुशाल डोंगर चढा." मी मात्र इंदिरानगरातल्या घराचा जिनासुद्धा थांबत थांबत चढायचो. दिवाळीत गावी जायची तिकिटं काढू म्हटलं, तरी "बघू, तोवर असलो तर" हेच उत्तर. "तुम्हाला वाचवून देव फसला बघा," असं बायको एकदा चिडून म्हणाली आणि त्याच रविवारी मला अंजनेरीला घेऊन गेली. हनुमंताच्या जन्माचा तो डोंगर, वर अंजनीमातेचं देऊळ.

पायऱ्या संपल्या, पठारावरचं तळं मागे पडलं. पुढची चढण पाहिली आणि मी दगडावर बसकणच मारली. "तू जाऊन ये," म्हटलं. तीही शेजारी बसली.

तेवढ्यात एक तरुण बाई धापा टाकत आली. मागे नवरा, त्याच्या कडेवर वर्षाची मुलगी.

"दादा, माझ्या भावाचा पाय मुरगाळला वो, तळ्यापाशी बसलाय. पोर नवसाची हाय. आमच्यात मामाच्याच कडेवरनं देवीपुढं न्यावं लागतं. तुम्ही व्हता का मामा?"

मला नाही म्हणायचं होतं. पण मला सख्खी बहीण नाही. मामा व्हायला आजवर कुणी बोलावलंच नव्हतं. मी हात पुढे केले.

भाचीबाई मोठ्या खट्याळ. चष्मा ओढला, कान पिळला, अर्ध्या वाटेत शर्टही ओला केला. तिला सांभाळता सांभाळता छातीकडे लक्ष द्यायला सवडच मिळाली नाही. मागून बायको हसत होती, कितीतरी महिन्यांनी.

देवळात अंजनीमातेच्या मांडीवर बाळ मारुती. मी भाचीला देवीच्या पायावर घातलं आणि मला आनंदाने रडू कोसळलं. स्वतःसाठी काही मागायचं सुचलंच नाही.

निघताना ती बाई वाकून पाया पडली. "दादा, आता सुटका नाय. हिच्या लग्नात मामा म्हणून पाठीशी तुम्हीच उभं ऱ्हायचं."

"येईन की," मी म्हणालो.

वीसेक वर्षांपुढचा शब्द आपण देऊन बसलो, हे चार पावलं उतरल्यावर ध्यानात आलं. किती जगायचं ही काळजी अंजनीआईने माझ्या हातून काढून घेतली होती, आणि त्या हातात लेकरू दिलं होतं.