पाळीबदलाचं पान

सणसवाडीच्या आमच्या कारखान्यात पाळी बदलायला कागद लागत नव्हता. कंपनीचं आतलं एक संकेतस्थळ होतं, सगळे त्याला पोर्टल म्हणत. त्यात मी एक पान बनवलं होतं. एकाने पाळी बदलून मागायची, ज्याच्याशी बदलायची त्याने 'चालेल' हे बटण दाबायचं, की झालं. सुपरवायझरला फक्त कळायचं. मी भांडगावचा, घरातला पहिला पदवीधर. दौंडच्या कॉलेजातल्या सरांनी संगणकाच्या खोलीची चावी विश्वासाने माझ्या हाती दिली, म्हणून कोड लिहायला शिकलो. तेवढ्यावर दहा-बारा वर्षं नोकरी निभावली. सरांचे उपकार आहेतच.

मग कंपनीचं सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या एका तयार यंत्रणेत न्यायचं ठरलं. साहेब म्हणाले, "जुनं पोर्टल महिनाअखेरीस बंद. नव्यात जे तयार मिळतंय तेवढंच घ्यायचं. तुझा पाळीबदल त्यात बसला तर ठीक, नाहीतर सोडून देऊ. लोक सुपरवायझरला विचारतील."

त्यांना ते साधं वाटलं. पण शिरूर-दौंडकडच्या आमच्या निम्म्या कामगारांची शेती आहे, आणि पंपाची लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री असते. त्याप्रमाणे ते आपसांत पाळ्या बदलतात. पान गेलं तर दर आठवड्याला सुपरवायझरची मिनतवारी, आणि त्याचा मूड नसेल तर खाडा.

मी जुना कोड उचलून नव्या पानात टाकला. पांढरा चौकोन आला, आत काही नाही. दोन दिवस माझीच चूक शोधत बसलो. शेवटी ही नवी यंत्रणा आम्हाला पुण्याहून स्क्रीनवर शिकवणाऱ्या मुलीला विचारलं. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल.

"सर, इथे पानात आपला कोड चालतच नाही. यादी करायची, फॉर्म करायचा, मंजुरीचे टप्पे जोडायचे."

ती नीटच बोलली. तरी मला एकदम हात रिकामे झाल्यासारखं वाटलं. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत एका हाताने खात त्या यंत्रणेचे व्हिडिओ धडे बघायचो. ते इंग्रजीत. एक वाक्य झालं की थांबवायचं, लिहून घ्यायचं, पुन्हा मागे जायचं. डोळे चुरचुरायचे.

कसाबसा एक फॉर्म उभा केला आणि प्रेस मशीनवर काम करणाऱ्या वडगाव रासाईच्या मामांना पहिल्यांदा वापरायला दिला. वयाने मोठे, म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणतात. कारणाच्या रकान्यात त्यांनी नेहमीसारखा एकच शब्द लिहिला: लाईट. नवी यंत्रणा शब्द वाचून अर्ज त्या त्या खात्याकडे पाठवते. दुपारी इलेक्ट्रिशियन शिडी घेऊन मामांच्या मशीनपाशी हजर.

"मामा, कुठली लाईट गेली?"

"गेली न्हाई, आली हाय. सोमवारपास्नं दिवसाची."

"मग मी शिडी कशाला आणली?"

"आणलीच हायस तर चढ वर. वडगावची खांबावरची डीपी दिसती का सांग."

सगळी लाईन हसली, मीही हसलो. हसण्याच्या नादात कुणाच्याच लक्षात आलं नाही, की तो अर्ज पाळीबदल म्हणून कुठेच नोंदला गेलेला नाही. सोमवारी मामा पाळी बदलली समजून उसाला पाणी देत राहिले, आणि इकडे त्यांचा खाडा पडला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुज्या जुन्या पानाला लाईट कळत व्हती," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून मी जुना कोड उघडणं सोडलं. वही घेऊन कॅन्टीनमध्ये बसलो आणि पाळी का बदलता, ते लोकांच्याच शब्दांत लिहून घेतलं. कारणाचा मोकळा रकाना काढून त्याची यादी केली: शेतीची लाईट, दवाखाना, घरचं कार्य, गावची जत्रा. अर्ज खात्यांकडे जाण्याची वाटच बंद केली. राहिली मंजुरी.

"मंजुरी अधिकारी देतो ना, सर?" त्या मुलीने विचारलं.

"आमच्यात ज्याच्याशी पाळी बदलायची तोच देतो."

तिने स्क्रीनवर मंजुरीचा टप्पा उघडला. मग म्हणाली, "चालेल की. फॉर्ममधलं नाव अधिकाऱ्याच्या जागी घालून बघा." आणि ते कुठे घालायचं ते तिने दाखवलं. एवढ्याशा जागेसाठी मी तीन आठवडे अडलो होतो.

महिना संपायला चार दिवस असताना मामांनी पुन्हा अर्ज केला. त्यांच्या जोडीचा, दुसऱ्या पाळीचा बिहारचा माणूस नुकताच येऊन चहा पीत होता. त्याने मोबाइलवर मंजुरी दाबली आणि ओरडला, "हो गया मामा, जाओ खेत में!" सुपरवायझरच्या फोनवर नुसती सूचना गेली.

साहेबांनी ते पाहिलं. "राहू दे हे पान," म्हणाले. मामांचा तो खाडाही त्यांनी माझ्या सांगण्यावरून काढला, त्याबद्दल मी आभारी आहे. जाता जाता त्यांनी विचारलं, "आणि जुन्यातली बाकीची पानं?"

ती बावीस होती, आणि दिवस उरले होते चार. एकेक करतो म्हणालो, आणि वही घेऊन पुन्हा कॅन्टीनकडे निघालो.