उकंडाचं नाक

उकंडाच्या आधीची दोन भावंडं हगवणीनं गेली, म्हणून आईनं ह्याचं नाव उकंडा ठेवलं. केरकचऱ्याच्या ढिगाकडे यम कशाला बघतो? त्यानं खरंच पाहिलं नाही. पुढे हाच उकंडा फुलसावंगीकडच्या एका खेड्यात ग्रामपंचायतीचा पाणीवाला झाला आणि त्यानं उभा जन्म विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकली. पावडर फडक्यात बांधायची, दोरीनं पाण्यात सोडायची, सकाळी बादली काढून नाक लावायचं. वास आला की म्हणायचं, "भरा!" आरोग्यसेवक नळीत औषधाचे थेंब टाकून पाणी पिवळं होतं का, म्हणजे पावडर पुरेशी उतरली का, ते बघायचा, तेव्हा उकंडा हसायचा. "सायेब, तुमची नळी पिवळी व्हायच्या आंधी माह्या नाकानं सांगतलं." आणि ते खरं निघायचं. आपल्या हातच्या पाण्यानं गावातलं एकही लेकरू गेलं नाही, ह्या एका वाक्यावर तो जगत होता. दुसरं त्याच्याजवळ होतं काय?

म्हातारपणी तो पुसदला आला. कापसाचे जिनिंगवाले घनश्यामबाबू ह्यांनी बंगल्यामागे पोहायचा हौद बांधला होता; तो सांभाळायचा आणि बायको पंचफुलासह मागच्या खोलीत राहायचं. हौदाबरोबर पाणी तपासायची एक डबी आली होती. तिच्यातल्या एका नळीत क्लोरीन किती ते कळे, दुसरीत पाणी आम्ल की क्षारीय ते. उकंडानं डबी कोनाड्यात ठेवून दिली. नाक असताना डबी कायले?

बाबूंची नात वैष्णवी नागपूरहून पोहायला येणार, आणि नेमकं त्याच वेळी पाणी ताकासारखं पांढुरकं झालं. बोअरचं जड पाणी, त्यात पावडरीतला चुना. दुसरं काय होणार? तिथे चुना विरघळायला हवं होतं मोजून ॲसिड. उकंडानं ओंजळभर पाणी हुंगलं. वास नाही. त्यानं पावडर टाकली. पुन्हा हुंगलं. नाही. पुन्हा टाकली.

पंचफुला चहा घेऊन आली ती पदर नाकाला लावूनच. "किती टाकली जी? डोये झोंबून राह्यले माहे."

"कुठं? वासच नाही. पावडर मेली वाट्टे."

"थट्टा करता का म्हातारपणी?"

तो थट्टा करत नव्हता. आणि तिला पुढे बोलायला सवड कुठे होती? नागपूरहून आल्या आल्या वैष्णवीनं पाण्यात उडी मारलीच होती. खोकत, डोळे चोळत ती काठावर आली. अंगावर लाल चट्टे. "काका, काय टाकलंय ह्यात?" तिनंच डबी शोधून थेंब टाकले. नळीतलं पाणी पिवळं नाही, विटेसारखं तांबडं झालं.

घनश्यामबाबू नाकावर रुमाल धरून उभे होते. "उकंडा, तुले खरंच वास नाही येऊन राह्यला?"

उकंडा उठला. पावडरीच्या ड्रमात हात घालून मूठ नाकाशी नेली आणि खोल श्वास घेतला. पंचफुलानं हात झटकून टाकेपर्यंत तो हुंगतच होता. खोकल्यानं वाकला, पण वास म्हणून काही आलाच नाही.

बाबूंनी हौद रिकामा करायला सांगितला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

खोलीत आल्यावर त्यानं विचारलं, "पंचफुले, माहं नाक कवा गेलं वं?"

"मले काय मालूम? गावाकडे असताना वरण करपलं का तुमी मुकाट्यानं खाऊन घेत होते. मले वाटे, सोभावानं गरीब आहे माणूस."

गावाकडे असताना. म्हणजे तेव्हापासून. शेवटी शेवटी बाया घागरी घेऊन खोळंबलेल्या असत. तो सवयीनं बादली नाकाशी नेई आणि "भरा" म्हणे. पावडरीचं पोतं ओलीत पडलेलं. पावडरीत दम होता की नव्हता, हे सांगणार कोण? नाकच ना?

"गावातल्या विमलताईची नात गेलती," तो म्हणाला. "त्या शेवटच्या उन्हाळ्यात. तिले ऊन लागलं होतं ना?"

पंचफुला चुलीकडे वळली. "ऊनच लागलं होतं."

"हागवण नव्हती?"

"लोकं ऊनच म्हणत होते जी. घ्या, पाणी प्या."

तिनं गिलास पुढे केला. उकंडानं तो सवयीनं नाकाशी नेला, बराच वेळ तसाच धरला आणि न पिता खाली ठेवला.