हिराबाईचा तास

हिराबाईने पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली, की मेडिकल कॉलेजच्या वर्गातली मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा उठून पुढे यायची. पुरचुंडीत भाताचा कोंडा असायचा आणि कोंड्यात कुठेतरी एकच खडा. "डोले मिटा नि बोटांनी सोधा," ती म्हणायची. मुलं जोर लावून दाबायची. "अरं, पीठ मलताव का? हलू! तांदूळ निवडताना खडा आमच्या बोटांना आधी कलतो. माजी गाठ मला आंघोलीला अशीच लागली."

कॉलेज आम्हा दोघींना पेशंट म्हणून मुलांपुढे बोलायला बोलवायचं, आणि तिच्या आधी माझं बोलणं झालेलं असायचं. मी मुरबाडची निवृत्त शिक्षिका, तिच्यासारखीच स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेली. मुद्दे काढून, रंगीत तक्ते करून जायचे, शेवटी एखादा सुविचार. टाळ्या पडायच्या, पण मनापासूनच्या टाळ्या कोणत्या आणि सुटलो एकदाचे म्हणून पडलेल्या कोणत्या, हे शिक्षकाला बरोबर कळतं. आणि डोळखांबच्या वरच्या पाड्यातली, सही करायला पाच मिनिटं घेणारी ही बाई उभी राहिली, की तीच मुलं कान टवकारायची. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आमची ओळख केमोच्या वॉर्डातली. खाटा शेजारी-शेजारी. केस गेले तेव्हा मी आरशाकडे पाठ केली. ती डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "बरं झालं गो बाई, उवा उपाशी मेल्या." भेटायला आलेल्या कुणालाही ती काय झालंय ते सरळ सांगायची. मी गप्प करायला गेले तर म्हणे, "रोगाला लाज नाय, तर मला कशाला?"

वर्गात ती स्वतःची चूकही अशीच सांगायची. "गाठ लागली तवा भाताची आवनी तोंडावर. रोपं तयार, मानसं सांगून ठेवलेली. दवाखान्यात डॉक्टरनी इचारलं, दुखतं का? मी म्हनलं नाय, तर त्यांनी तसंच घरी धाडलं. खरंच दुखत नव्हतं. आमच्यात न दुखनारा तो आजारच नाय. आवनी झाली, कापनी झाली, मग परत गेले. तवर लई वाढली. म्हनून सांगतय, दुखतं का इचारून बाईला सोडू नका. हात लावून बगा."

माझ्या भाषणात मात्र चूक नव्हती. 'गाठ लक्षात येताच मी आठवड्याभरात तपासणी केली,' असं मी ठणकावून सांगायचे. ते खोटं होतं. मी आठ महिने लपवलं होतं. मुलीचं लग्न ठरत होतं. आईला कॅन्सर आहे म्हटल्यावर सोयरीक मोडेल, ही भीती. हे मी वॉर्डात फक्त हिराबाईला सांगितलं होतं. माझं ते वाक्य आलं, की ती पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायची. कधी बोलली नाही. तिने मला सांभाळून घ्यावं, याचाही मला राग यायचा.

शेवटच्या खेपेला तिला धाप लागत होती. दुखणं फुप्फुसात उतरलं होतं, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. माझं भाषण संपल्यावर एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही इतक्या लवकर गेलात, मग तुम्हीच सांगितलंत तशी गाठ काखेपर्यंत कशी पोचली होती?"

मी हिराबाईकडे पाहिलं. आता ही माझं पितळ उघडं पाडणार, अशी खात्रीच होती. ती पदराने तोंड पुसून मुलांना म्हणाली, "आज बाईंनाच बोलू द्या. माजं ऐकून कान किटलं तुमचं." आणि खुर्चीत मागे टेकली. पुरचुंडी तिने काढलीच नाही.

मग मी सांगितलं. आठ महिने, मुलीचं लग्न, पाहुण्यांपुढे पोहे देताना गाठ दिसू नये म्हणून ब्लाऊजमध्ये कोंबलेला रुमाल, सगळं. सांगताना रडले. त्या मुलीने पुढचा प्रश्न विचारला, मग दुसऱ्याने, आणि तास संपल्यावरही कुणी उठेना.

परतताना कॉलेजच्या गाडीत हिराबाई माझ्या शेजारी बसली होती. शहापूर जवळ आल्यावर म्हणाली, "आज तुमचं माज्यापेक्षा बेस झालं, बाई." मी नुसती "हो" म्हणाले. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिला काय ऐकायचं होतं ते मला कळलं होतं. इतक्या वर्षांत तिच्या बोलण्याला मी एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं, आणि जिंकल्याच्या आनंदात त्या दिवशीही म्हटलं नाही. शहापूरच्या स्टँडवर ती उतरली आणि डोळखांबच्या गाडीकडे हळूहळू चालत गेली.

आवणीच्या आधीच ती गेली. आता वर्गात मी एकटीच बोलते, आणि मुलं ऐकतात. कुणी जुना विद्यार्थी भेटून म्हणतो, "हिराबाई काय सांगायच्या!" ऐकून तो जुना जळफळाट अजून होतोच. मी म्हणते, "माझ्यापेक्षा कितीतरी छान." आता अगदी सहज म्हणता येतं. ऐकायला ती नाही ना.