पुढची पौर्णिमा माझ्या घरी

टेम्पो भरून झाला तरी मी जिन्यातच उभी होते आणि प्रशांत खालून ओरडत होता, "आई, चलो ना! बाकीचं नंतर नेऊ." करोल बागेतलं आमचं घर पाडून बिल्डर तिथे मजले बांधणार, त्यातला एक आपला, तोवर गुडगावला माझ्याकडे राहा, असं माझ्या या एकुलत्या मुलाचं म्हणणं. सही मी केली नव्हती. "आधी राहून तर बघ," म्हणाला. म्हणून गेले.

विमल, तू वर्ध्यालाच राहिलीस, म्हणून तुला सांगते. ह्यांच्या सरकारी नोकरीपायी दिल्लीला आले तेव्हा आडनाव ऐकलं की घरमालक खोली 'आत्ताच गेली' म्हणायचे. पुढे ह्यांनी घर घेतलं, तेही माझ्या नावावर, तेव्हा आपले बाबा म्हणाले होते, "आता तुला ऊठ म्हणणारं कुणी नाही." हे गेल्यावर पोटचा पोरगाच ऊठ म्हणेल, असं बाबांच्या तरी कुठे ध्यानीमनी होतं!

गुडगाव भराभर वर चढत होतं. सरसोच्या शेतांत टॉवर, टॉवरमध्ये प्रशांतचं ऑफिस आणि सोसायटीत अठराव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. मला खोली मिळाली ती स्वयंपाकघरामागची, कामवालीसाठी बांधलेली. माझा फोन दुरुस्तीला म्हणून नेला, तो आलाच नाही. खाली भाजी आणायला निघाले तर गेटवरचा गार्ड हात जोडून म्हणाला, "माताजी, साहब ने मना किया है. आप भूल जाती हैं ना."

वर येऊन विचारलं, "प्रशांत, मी काय विसरले रे?"

"आई, हे तू आत्ता दुसऱ्यांदा विचारते आहेस."

पहिल्यांदाच विचारत होते. पण विमल, रोज असं ऐकलं की आपलाच आपल्यावर भरवसा राहत नाही. गॅस बंद केला ना, म्हणून मी उठून उठून बघायची. दिवसभर खिडकीपासून बाल्कनीपर्यंत आणि परत. दर रविवारी बिल्डरचे कागद टेबलावर यायचे. "फक्त सही, आई. बिल्कुल टेन्शन नको घेऊस." एकदा त्याने मनगट इतकं आवळलं की बांगडी पिचली. सून नातीला घेऊन टीव्हीचा आवाज वाढवून बसली होती.

आपल्याकडच्या आम्ही बायका, नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागे इकडे आलेल्या, दर पौर्णिमेला पाळीपाळीने एकेकीच्या घरी बुद्धवंदना घेतो. मी येईना, फोन लागेना, तेव्हा मंत्रालयातून निवृत्त झालेल्या आमच्या सुधाने प्रशांतलाच कळवलं की या वेळी तुमच्याकडे. नाही म्हणायची त्याला लाज वाटली, शिवाय फ्लॅट दाखवायची हौसही होतीच. पांढऱ्या साड्या नेसून सगळ्या आल्या.

"आईला आता गाथा आठवत नाहीत," तो म्हणाला. "सुधाताई, तुम्हीच म्हणा."

सुधाने मला मानेनेच 'तू म्हण' अशी खूण केली. मी हात जोडले आणि त्रिशरणापासून सुरुवात केली. शब्द एकही अडला नाही. वंदना संपली की पुढची पाळी जिची, ती सगळ्यांना आमंत्रण देते. त्या दिवशी ते मी दिलं. "पुढची पौर्णिमा माझ्या घरी, करोल बागेत. आणि मी आत्ता तुमच्याबरोबरच निघते आहे."

"अरे यार, आई..." प्रशांत हसला. दुसरं कुणी हसलं नाही. गेटवर सुधाने गार्डला एवढंच सांगितलं, "माताजी हमारे साथ हैं."

म्हाताऱ्या माणसाला त्याच्या घरातून असं उठवता येत नाही, त्यासाठी कायदा आहे, हे मला सुधाकडून कळलं. तिनेच मला त्या कायद्याचं काम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांपुढे नेलं. परक्या माणसासमोर मुलाचं नाव घेताना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण घेतलं. त्यांनी प्रशांतला बोलावून बजावलं, घर बाईंचं आहे, सहीसाठी पुन्हा दबाव आणायचा नाही. बिल्डर आता दुसऱ्या गल्लीत घरं बघतो.

आता बरं आहे म्हणावं तर जीव थाऱ्यावर नाही. बेल वाजली की साखळी लावूनच दार उघडते. नात आठवते, तिला मराठीतून गोष्ट सांगणारं तिथे कुणी नाही. मग मी चपला घालते नि खाली उतरते, काही काम नसताना बाजारभर हिंडते. परवा प्रशांतचा फोन आला, "आई, या वयात एकटी कुठे कुठे फिरतेस?"

म्हटलं, "घर आहे रे मला. फिरेन आणि परत येईन."