बॅगांपाशी कोण थांबणार?

संजीवनीला कतारला, दोहात येऊन बावीस वर्षं झाली, पण तिनं दोहा पाहिलं ते बहुतेक बसल्या जागेवरून. चार घरची माणसं मिळून फिरायला निघाली, की गाडीतून उतरता उतरता कोणीतरी म्हणायचंच, "वहिनी आहेत ना बॅगांपाशी!" कॉर्निशवर, समुद्राकाठी, सगळे बोटीत बसायचे आणि ही बाकावर पर्सा घेऊन. सीलाइनच्या वाळवंटात बायका-पोरं धापा टाकत वाळूच्या टेकडीवर चढायची आणि ही खाली सतरंजीवर, चिवड्यात वाळू जाऊ नये म्हणून डब्यावर ओढणी धरून. मुलगी चैत्राली लहान होती तेव्हाही लांबूनच ओरडायची, "आई, यू सिट देअर ना! बॅग्ज आहेत!"

कारण गुडघा. संजीवनी एका शाळेच्या बसवर आंटी आहे. केजीची मुलं उचलून चढवायची, झोपलेली उचलून उतरवायची आणि दर थांब्याला स्वतः खाली-वर करायचं. यात उजव्या गुडघ्यानं कधी कुरकुर सुरू केली ते तिलाही कळलं नाही. तशी ती तक्रार करणारी बाई नव्हे. पहाटे स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडून आतल्या गणपतीपुढे आणि गावच्या सिद्धनाथाच्या तसबिरीपुढे निरांजन लावायचं, हात जोडायचे, दार लावायचं आणि बस धरायची. नवरा मच्छिंद्रराव वेस्ट बेच्या एका टॉवरमध्ये एसीची कामं बघतात. मुलगी मुशैरिबला ऑफिसात लागली. घर सुखाचं होतं.

मग लिझीनं चीनची सहल काढली. लिझी वसईची, हॉस्पिटलात सिस्टर, बोलण्यात दरारा. चर्चमधली काही माणसं आणि काही आपली मराठी घरं, असा तिनं ईदच्या सुट्टीसाठी ग्रुप जमवला. चैत्रालीनं आईबाबांची नावं परस्पर देऊन टाकली.

"तिथली ती भिंत आहे ना," संजीवनी त्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "त्यावर मी चढणार."

"चढशील की," मच्छिंद्रराव फोनमधून मान वर न करता म्हणाले. "न्हाईतर खाली बसशील. मी फोटू काढून आणतो."

तिच्या हातातलं लाटणं थांबलं. फोटो तिनं पुष्कळ पाहिले होते. टेकडीवरचे, बोटीतले, सगळे दुसऱ्यांनी काढून आणलेले. यावेळी फोटो नको होता. तिनं पोळी तव्यावर टाकली.

दोहात चढाची सवय करायची तर चढ शोधावा लागतो, जमीन ताटासारखी सपाट. अबू हमूरला त्यांच्या घराजवळ एका मॉलचं मजल्यांचं पार्किंग आहे. रमजानात शाळा लवकर सुटायची आणि दुपारी तिथं चिटपाखरू नसायचं. संजीवनी गाड्यांच्या त्या उतारावरून वर जायची, खाली यायची, पुन्हा वर. तिसऱ्या दिवशी वॉचमन वली धावत आला.

"मॅडम, गाडी नहीं मिल रही क्या? कौनसे लेवल पे रखी थी?"

"गाडी नहीं है भैया. घुटना चालू कर रही हूँ."

वलीला हसावं की नाही कळेना. पण दुसऱ्या दिवसापासून ती दिसली की तो लांबूनच हाक मारायचा, "यल्ला मॅडम, यल्ला! चलो चलो!" चैत्रालीनं तिला सहलीसाठी जाड तळाचे, गुडघ्याला हिसका न बसणारे बूट आणून दिले. ईद येईपर्यंत संजीवनी न थांबता गच्चीच्या मजल्यावर पोचायला लागली होती. घरी मात्र कोणाला तिनं हे सांगितलं नव्हतं. जमलं नाही तर हसं नको.

बीजिंगला पहिल्या दिवशी त्यांना एक जुनं गोल मंदिर दाखवलं. निळ्या कौलांचं, तीन छपरं एकावर एक, भोवती पांढऱ्या दगडाचे चौथरे. गाइड मुलगी इंग्रजीत सांगत होती आणि लिझी मराठीत करून देत होती. "राजा इथं यायचा, चांगलं पीक येऊ दे म्हणून प्रार्थना करायला."

संजीवनी मूळची म्हसवडकडची, पावसाची वाट बघणाऱ्या मुलखातली. एवढा मोठा राजा पिकासाठी हात जोडायला यायचा हे ऐकून तिला ते देऊळ एकदम आपलं वाटलं. पायरीपाशी तिनं बूट काढले, बाजूला नीट लावून ठेवले आणि मोजे घालूनच वर गेली. आत मूर्ती नव्हती, उंच लाकडी खांब होते. तिनं दारातूनच नमस्कार केला, घरच्यांचं नाव घेतलं, मन भरून आलं ते येऊ दिलं.

खाली आली तर बूट नाहीत.

"काढलेस कशाला गं बाय?" लिझीनं कपाळाला हात लावला. "एवढी माणसं जातायत, कोणाच्या पायात बघितलंस तू मोजे?"

"देवळात चपला घालून कसं जायचं?"

गाइडनं इकडेतिकडे चौकशी केली. कोणी टाकलेले समजून उचलले असतील, दुसरं काय. फाटकाबाहेर एका म्हातारीकडे काळे कापडी बूट मिळाले, पातळ तळाचे, मऊ. चालायला छान होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर भिंतीकडे निघायचं होतं, दुसरं काही बघायला वेळच उरला नाही.

भिंतीच्या पायथ्याशी थंड वारा सुटला होता. बस लांब उभी राहणार होती, म्हणून सगळ्यांनी खाण्याच्या, कपड्यांच्या पिशव्या खाली उतरवल्या. लिझीनं संजीवनीच्या पायाकडे पाहिलं.

"हे घालून मी तुला वर सोडायची नाही. पायऱ्या गुळगुळीत, एक वीतभर तर दुसरी मांडीएवढी. उद्या पाय मोडला तर चैत्रालीला तोंड मला दाखवायचंय."

बरोबरच होतं तिचं. संजीवनी खाली वाकली आणि सवयीनं पिशव्या ओढून एका जागी लावायला लागली. मोठ्या खाली, पर्सा मध्ये, पाण्याच्या बाटल्या कडेला. मग दगडावर बसली.

मच्छिंद्रराव चार पावलं पुढे गेले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं. ती वर बघत नव्हती. एका पिशवीचा बंद पुन्हा पुन्हा आवळत होती.

ते परत आले, तिच्याशेजारी बसले आणि स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. ते कंपनीचे सेफ्टी शूज होते, पुढे लोखंड, खाली खाचांचा तळ. सहलीला तरी दुसरे घाला म्हणून तिनं घरी डोकं आपटलं होतं.

"अहो, काय करताय?"

"उठ. माझे मोजे पण घाल वरनं, म्हंजे सैल व्हणार न्हाईत."

"आणि तुम्ही?"

त्यांनी पिशवीतून हॉटेलच्या पांढऱ्या सपाता काढल्या. सकाळी खोलीतून उचलताना त्यांनी तिची बोलणीही खाल्ली होती. "मी बघतो बॅगा."

"अहो, तुम्ही एवढ्या लांबून आलात..."

"तू काय जवळनं आलीस? जा म्हणतो ना. लिझी सिस्टर, आता काय हरकत?"

लिझीनं बूट दाबून पाहिले, नाड्या स्वतः आवळल्या. "चल. पण माझ्या पुढे राहायचं."

संजीवनी चढली. बूट जड होते, प्रत्येक पायरीवर ठक्क वाजायचे. पार्किंगचा उतार आणि ही चढण यांची तुलनाच नव्हती. गुडघा दुखला, पण ओळखीचा दुखला. कठड्याला धरून, दम घेत, तोंडातल्या तोंडात सिद्धनाथाचं चांगभलं म्हणत ती पहिल्या बुरुजाशी आली. लिझी म्हणाली, बस झालं. ती म्हणाली, अजून एक. दुसऱ्या बुरुजाच्या खिडकीत वारा असा आला, की ओढणी उडून लिझीच्या तोंडावर बसली. दोघी हसत सुटल्या. भिंत एका डोंगरावरून उतरत होती, दुसऱ्यावर चढत होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना जर्दाळूची फुलं होती. संजीवनीनं फोन बाहेर काढलाच नाही. ती नुसती बघत राहिली, चांगली निवांत.

खाली आली तेव्हा मच्छिंद्रराव गारठून सपातांत पाय दुमडून बसले होते. भोवती पिशव्या जशाच्या तशा.

"काय होतं वर?"

मग तिनं सांगायला सुरुवात केली. पायऱ्या, बुरूज, फुलं, वारा, लिझीचं तोंड. बस हॉटेलपाशी आली तरी संपलं नव्हतं, आणि ते मध्ये न बोलता ऐकत होते.

दोहात परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी कंपनीतले सचिन आणि अश्फाक जेवायला आले. मच्छिंद्ररावांनी भिंतीचं असं वर्णन केलं, की सचिन म्हणाला, "दादा, लय उंच चढलात की!"

"मी? छ्या!" मच्छिंद्ररावांनी रस्सा वाटीत घेतला. "ही चढली. मी खाली बॅगा सांभाळत होतो."

"खरं की काय वहिनी?"

"थांबा, सांगते," संजीवनी म्हणाली आणि भाकरीची टोपली मधोमध ठेवून स्वतःचं ताट घेऊन त्यांच्यातच बसली.