शेवंताबाईंच्या भिंतीवरची पीएच.डी.

मंडळी, आज सकाळी दारव्ह्याजवळच्या आमच्या खेड्यात एक संशोधक आले. कमी विजेत गार राहणारी घरं, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. गाडी मात्र दारात एसी चालू ठेवून उभी!

शेजारच्या शेवंताबाईंचं घर पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं. भिंतीला तापमापक लावून साहेब हरखले. "काकू, मे संपेपर्यंत घर पाडू नका. माझ्या उन्हाळ्याच्या नोंदी राहिल्यात."

बाईंना पक्कं घरकुल मंजूर झालंय. याच जागेवर, पावसाआधी उभं करायचंय.

वर म्हणतात, "बोंडअळीमुळे यंदा उपटलेल्या पऱ्हाट्या भरपूर मिळतील. भिंत अजून जाड करा."

एवढं शिकून माणूस असं कसं बोलतो, यावर खरं तर संशोधन व्हावं.

"तुले एवढं गार वाटते तं तूच राह्य ना बाबू इथं," बाई म्हणाल्या. "पावसाळ्यात भितीतून इच्चू निंगते. थेही मोज."

साहेबांनी भिंतीतले विंचू काही लिहून घेतले नाहीत.

शाळेतल्या कवितांमधल्या झोपड्या मीही आजवर गुणगुणत आलो, तेही स्लॅबखाली बसून. म्हणून दुपारी बाईंच्या छपराची कवेलू, म्हणजे कौलं, उतरवायला गेलो.

मातीच्या घरांचं कौतुक करणाऱ्यांनो, तुम्ही अशा घरात शेवटचा पावसाळा कधी काढलात?